वरचं साल जपणारी माळीणबाई

माळीणबाई माणसाला नाव विचारायच्या आधी त्याच्या पालथ्या हाताची कातडी चिमटीत धरायची, जराशी वर ओढायची आणि सोडून द्यायची. सोडलेली कातडी किती वेळात जागेवर बसते, ते डोळे बारीक करून बघायची. मग म्हणायची, "कालपास्नं पानी प्यायला न्हाईस," किंवा "जुलाब झाल्याती व्हय?" आणि ते बहुधा खरं निघायचं. हीच चिमटी ती वासराच्या मानेला घ्यायची. वांग्यावरून अंगठा फिरवून ते कधी तोडलं ते सांगायची. कोणी नवं माणूस बागेत शिरलं की तिचा हात आधी पुढे यायचा, आणि मग तिची नजर वर त्याच्या तोंडाकडे जायची.

ती कोथरूडची. कोथरूड पुण्यापासून दीड कोस. लकडी पूल ओलांडून, मळ्यांच्या बांधाबांधाने जावं लागे. विहीर, मोट, थोडा भाजीपाला आणि बाकी सगळी केळ, एवढा तिचा पसारा. पुण्यात तिला 'केळीची माळीण' म्हणत. भाजलेलं, पोळलेलं माणूस असलं की लोक म्हणत, "केळीच्या माळणीकडे न्या." मीही हे शंभरदा ऐकलं होतं. मी आचारी. आमच्या धंद्यात हाताला चटके रोजचेच, त्यामुळे अशा बोलण्याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

एका सरदारांच्या वाड्यात मुंज होती. पाच-सातशे पान उठायचं होतं. मी तेव्हा तिशीच्या आत होतो आणि पुण्यातल्या बऱ्या आचाऱ्यांत माझं नाव घेत असत. चुलाणाचा एक दगड खचला, तळणीची कढई माझ्या बाजूला कलंडली आणि उकळतं तूप माझ्या उजव्या हातावर कोपरापासून बोटांपर्यंत आलं. मी ओरडलो की नाही ते मला आठवत नाही. भोवती माणसं धावली एवढं आठवतं. कोणी शेण आणा म्हणालं, कोणी चिखल. दिवाणखान्यातला एक कारकून दौत घेऊन आला आणि अख्खी शाई त्याने माझ्या हातावर ओतली. शाईने आग थांबते, असं त्याच्या आजोबांनी त्याला सांगितलं होतं म्हणे.

आमच्या कुटुंबाला निरोप गेला. ती आली, तिने माझा हात पाहिला आणि कोणाला न विचारता बैलगाडी जुंपायला लावली.

माळीणबाईने नेहमीप्रमाणे चिमटी घेतली, तीही डाव्या हाताला. मग उजवा हात पाहिला.

"ही शाई कुनी वतली?"

"वाड्यातल्या कारकुनानं," आमचं कुटुंब म्हणालं.

"का? कागूद हाय व्हय त्यो?"

त्या वेदनेतही मला हसू आलं, आणि हसताना रडू आलं. तिने उकळून गार केलेल्या पाण्याची धार धरून तो हात धुतला. बोट म्हणून लावलं नाही. मनगटाजवळ मोठाले फोड धरले होते. मी म्हणालो, "फोडून टाक ते. हलके होतील."

"हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "देवानं वर पट्टी बांधलीया. तुमी कशाला सोडताय?"

मग ती केळीत गेली आणि अजून न उलगडलेला, सुरळीसारखा गुंडाळलेला पानाचा कोंब कापून घेऊन आली. तो तिने वाफेवर धरून मऊ केला आणि मग उलगडला. आतलं पान पोपटी, ओलसर, आरशासारखं लख्ख होतं. त्याला वारा लागलेला नव्हता की धूळ. उलगडलेलं पान ती जखमेला कधीच वापरत नसे. "त्येनं जग बगितलंया," म्हणायची. पानाला शंभर वेळा पाण्यात धुतलेलं तूप लावून तिने माझा हात त्यात गुंडाळला. काढताना ते पान जखमेला चिकटत नसे. कापडाची पट्टी काढताना नवी कातडी सोलून निघते, हे तिने मला नंतर सांगितलं.

पहिले तीन दिवस धोक्याचे होते. मला सारखी तहान लागत होती, जीभ टाळूला चिकटत होती, आणि तिच्या घरचं पाणी मी पिऊ शकत नव्हतो. मी सोवळ्यातला आचारी. माळणीच्या हातचं पाणी प्यायलो असं कळलं असतं तर पुण्यात एकाही घराने मला चुलीपुढे उभं केलं नसतं. कुटुंब गावातल्या ब्राह्मणाच्या विहिरीवरून एकेक घागर आणत असे आणि उन्हात दोनदा दोनदा जाऊन दमून जाई. माळीणबाईने ते पाहिलं. ती माझ्याशी वाद घालायला बसली नाही. तिने दोन काकड्या घेतल्या, एक सोलली, एक तशीच ठेवली, आणि दोन्ही आमच्या पुढ्यात उन्हात ठेवून मोटेवर निघून गेली.

दिवस कलताना ती परत आली. सोललेली काकडी म्हाताऱ्याच्या बोटासारखी वाळून वाकडी झाली होती. दुसरी होती तशी होती.

"ह्ये तुमचं मालक," ती सोललेली काकडी उचलून आमच्या कुटुंबाला म्हणाली. "साल गेलं की मानसाचं पानी ऱ्हात न्हाई. फुटक्या माठावानी गळतंय. दोन घागरींनी काय हुतंय? धा लागतील."

कुटुंबाने माझ्याकडे पाहिलं. मग तिने पदर खोचला, माळीणबाईच्या रांजणातून तांब्या भरला, त्यात गूळ आणि मीठ कालवलं आणि माझ्या तोंडाला लावला. मी प्यायलो. घटाघटा प्यायलो. माळीणबाई पाठ फिरवून उभी होती. आपण पाहिलं नाही, असं उद्या शपथेवर सांगता यावं म्हणून ती तशी उभी राहिली होती. हे मला पुष्कळ वर्षांनी उमगलं.

सोवळ्याचं मात्र एकदा ती बोललीच. पान बदलताना मी अंग चोरत होतो, तिचा हात लागेल म्हणून. ती म्हणाली, "आचारीबुवा, ज्याला सोवळं-ओवळं असतंय ते कातडं गळून पडलं तुमचं. नवं येऊ द्या, मग सांगा त्येला."

तिची सगळी विद्या बागेतली होती. कोणा वैद्याच्या हाताखाली ती शिकली नव्हती. कोहळ्यावर पांढरी भुकटी असते ना, ती माळीणबाई कोणाला पुसू द्यायची नाही. भुकटी असलेला कोहळा आढ्याला टांगला तर वर्ष काढतो, पुसलेला महिनाभरात सडतो. लिंबाच्या झाडाला बैलाने शिंग घासलं होतं, त्या जागी मला नेऊन तिने दाखवलं की खोडाची जखम मधून भरत नाही, कडेने भरत येते. "मानसाचं बी आसंच. कडंनं येतंय. आन मधी कुटं बारकी बेटं ऱ्हायली आसली, तर त्येंच्यापास्नं." रोज सकाळी ती माझा हात उघडून ती बेटं शोधायची. लालभडक मांसात मुगाएवढे फिके ठिपके. "ह्ये बगा, आज आनि एक आलं," ती म्हणायची, आणि कोंबडीला पिल्लू झाल्यासारखा तिला आनंद व्हायचा.

आणि तरीही मी तिला शिव्या दिल्या आहेत. भाजलेली बोटं जवळजवळ राहिली तर भरताना एकमेकांत जुळतात, कातडी त्यांच्यामध्ये पडद्यासारखी वाढते. तसा हात घेऊन आचारी काय करणार? लाडूसुद्धा वळता येणार नाही. म्हणून ती प्रत्येक बोटाच्या बेचक्यात पानाची वेगळी घडी घालायची, आणि दिवसातून चार वेळा मला मूठ मिटायला आणि उघडायला लावायची. कोवळी कातडी ताणली की ती चरचरून फाटते आहे असं वाटायचं. मी जे तोंडाला येईल ते बोललो. तिच्या जातीवरून बोललो. ते आठवलं की आजही मला मान खाली घालावीशी वाटते. ती समोर उकिडवी बसून ऐकायची.

"द्या शिव्या," म्हणायची. "पन मूठ उगडून द्या."

एकदा तिच्या मुलाने, भिवाने, ते ऐकलं आणि तो कुऱ्हाड टाकून माझ्या अंगावर आला. तिने त्याला हाताने अडवलं. "त्येचं दुखनं बोलतंय," ती म्हणाली. "जा, मोट बग."

त्या दिवशी दुपारी भिवाच मला तिच्या मुलीची हकीकत सांगून गेला. रागाने सांगितली, मला लाज वाटावी म्हणून. त्याच्या पाठची बहीण, चार वर्षांची. शेजारच्या गुऱ्हाळात काहिलीतली उकळती काकवी तिच्या पाठीवर आली. काकवी अंगाला चिकटली. जमलेल्या बायकांनी घाईघाईने ती खरवडून काढली, आणि तिच्याबरोबर पाठीचं सगळं कातडं निघालं. काढणाऱ्यांत माळीणबाई स्वतः होती. पोर दोन दिवस पाणी पाणी करत होती. भाजलेल्याला पाणी देऊ नये असं तेव्हा सगळे म्हणत, म्हणून तिला कोणी पाणी दिलं नाही.

मी त्यानंतर शिवी दिली नाही. मूठ मिटली आणि उघडली. अडीच महिन्यांनी मी घरी आलो आणि पुढल्या मोसमात एका लग्नात जिलब्या पाडल्या.

तेव्हापासून मला जमेल तेव्हा मी तूप घेऊन कोथरूडला जाऊ लागलो. तिच्याकडे तूप फार लागे. गप्पा फारशा होत नसत. ती कामात असे आणि मी पुणेकर असल्यामुळे न विचारता काही सांगत नसे. पण बरं वाटायचं.

मग ते सरदारांकडचं झालं. ज्यांच्याकडे मी भाजलो, तेच घर. त्यांच्या धाकट्या सूनबाई, वय वीस असेल. आम्ही सगळे त्यांना धाकट्या वहिनीसाहेब म्हणायचो. दिवाळीत दिराला ओवाळताना निरांजनाने त्यांचा पदर पेटला. डावा गाल, हनुवटी, गळा आणि खांदा, इतकं पोळलं. वैद्यबुवा आले. ते प्रामाणिक गृहस्थ होते. म्हणाले, "ताप आला तर मी पाहीन, पण हे माझं काम नव्हे." मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन माझा हात पुढे केला आणि माळणीचं नाव सांगितलं.

थोरल्या सासूबाईंनी मेणा पाठवला. माळीणबाई मेण्यात बसेना. तिने केळीचे वीस-पंचवीस कोंब कापून ओल्या फडक्यात गुंडाळले, ते मेण्यात गादीवर ठेवले, पडदे सोडले आणि स्वतः बाजूने चालत आली. लकडी पुलावर लोकांनी अदबीने वाट करून दिली. आत कोणी खाशी स्वारी असेल असं त्यांना वाटलं. वाड्याशी आल्यावर सासूबाईंनी निरोप दिला की तिला मागच्या दाराने घ्या. मला वाईट वाटलं. ती म्हणाली, "मागचंच दार बरं. पानी तिथंच तापतंय."

आत गेल्यावर तिने पहिल्यांदा वहिनीसाहेबांच्या डोक्याखालची उशी काढून फेकली. उशीवर डोकं ठेवलं की हनुवटी छातीकडे येते, आणि कातडी तशीच भरली तर मान जन्मभर वर होत नाही. म्हणून खांद्याखाली घडी घालून, डोकं मागे सोडून त्यांना आठवडेच्या आठवडे निजवलं. वहिनीसाहेब रडायच्या, पण आवाज करायच्या नाहीत. माळीणबाई मला म्हणाली, "ही पोर शिव्या देत न्हाई, त्येनं मला भ्या वाटतंय."

एकदा वहिनीसाहेबांचे यजमान, धाकटे सरदार, दाराशी येऊन उभे राहिले. आत न येताच त्यांनी विचारलं, "रूप येईल का पूर्वीसारखं?"

"कातडं येईल, मान वळंल," ती म्हणाली. "रुपाचं आमा माळ्यांला काय कळतंय, सरकार?"

ते निघून गेले. मान वळू लागली. गालावर आणि गळ्यावर गुलाबी, पांढरी, चकाकणारी कातडी आली. वर्षाच्या आत धाकट्या सरदारांचं दुसरं लग्न झालं. त्या लग्नाचा स्वयंपाक माझ्याकडेच होता. मी केला. आचाऱ्याला नाही म्हणता येत नाही, असं मी तेव्हा मनाला सांगितलं.

त्या घराची कोथरूडला एक बाग होती, माळीणबाईच्या मळ्याला लागून. वहिनीसाहेबांनी तिथे राहायला जाऊ का म्हणून विचारलं, आणि सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. एक दासी बरोबर दिली. मी तूप घेऊन गेलो होतो त्या दिवशी त्या बांध ओलांडून माळीणबाईच्या अंगणात आल्या. नऊवारी लुगडं, डोक्यावरून पदर, पण गाल झाकलेला नाही. माळीणबाई भाजलेल्या एका लोहाराच्या पोरीचा पाय धूत होती. तिने वर पाहिलं. कसं आलात, काय झालं, काही विचारलं नाही. म्हणाली, "तूप धुवाया येतंय का?"

"नाही. तुम्ही शिकवाल तर येईल."

सरदारांच्या सुनेने माळणीला 'तुम्ही' म्हटलेलं मी तेव्हा प्रथम ऐकलं. माझ्या तोंडून त्यानंतर माळीणबाईला 'तू' निघेना आणि 'तुम्ही'ची सवय नव्हती, म्हणून काही दिवस मी तिच्याशी विचित्र वाक्यं बोलत होतो. शेवटी तिनेच विचारलं, "आचारीबुवा, घशाला काय झालंया?"

अकरा वर्षं त्या दोघी एकत्र काम करत होत्या. माणसं कुठून कुठून यायची. दारूच्या कोठारातले गोलंदाज, भडभुंजे, भट्टीवरचे लोहार, चुलीवर पोळलेल्या सुना. ज्यांना घरात कोणी हात लावत नव्हतं, त्यांना त्या दोघी हात लावायच्या. सगळेच वाचले नाहीत. कोणी गेलं की माळीणबाई त्या दिवशी जेवत नसे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी कोंब कापायला जात असे. वहिनीसाहेब आधी आधी दोन-दोन दिवस उठत नसत. तिने त्यांना एकदाच सांगितलं, "रडायचं तर रडा, पन हात चालू ठिवून रडा. फुडचा वाट बगतोय."

म्हातारपणी तिची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली. जरा काही लागलं की काळानिळा डाग पडायचा. एका पावसाळ्यानंतर ती उठेनाशी झाली. मी गेलो तेव्हा वहिनीसाहेब तिला कुशीवर वळवत होत्या. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन घटकांनी वळवत. माळीणबाईने आम्हा दोघांना जवळ बसवलं आणि म्हणाली, "एक सांगायचं हाय. मला जाळू नगा."

वहिनीसाहेब तिच्या तोंडाजवळ वाकल्या.

"जलमभर मानसं इस्तवाच्या तोंडातनं वडून काडली," ती म्हणाली. "आता म्या त्येच्या तोंडात न्हाई जानार. केळीत पुरा."

पंधरा दिवसांनी ती गेली. निरोप येताच मी निघालो. पोहोचलो तेव्हा अंगणात तिची भावकी जमली होती आणि लाकडं येऊन पडली होती. भिवा आता स्वतःच म्हातारा दिसत होता. वहिनीसाहेबांनी त्याला आईची इच्छा सांगितली होती. त्याचं मन होतं, पण चुलता ऐकत नव्हता. पुरायला ती काय संन्यासी आहे की तान्हं लेकरू, असं तो विचारत होता. रीत मोडली तर तिला गती मिळणार नाही आणि उद्या घरावर काही आलं तर कोण निस्तरणार? बाकीचे माना डोलावत होते. मला पाहून चुलता थांबला. माझ्या अंगावर उपरण्याखाली जानवं दिसत होतं.

"ह्ये बामन हायेत, ह्येंनाच इचारू," तो म्हणाला. "सांगा जी. शास्तरात आसं हाय का?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी आचारी. मी शास्त्र कधी उघडून पाहिलेलं नाही. माझ्या वडिलांनी मला चुलीपुढे उभं करताना एवढंच सांगितलं होतं की, मीठ विसरलास तर चालेल, पण ज्याची माहिती नाही ते सांगू नकोस. मी भिवाकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, लाकडांकडे बघत होता.

"आहे," मी म्हणालो. "जिने इतक्यांना आगीतून काढलं, तिला अग्नी देऊ नये, असं स्पष्ट सांगितलेलं आहे."

"कंच्या पोथीत?"

"मोठ्या पोथीत."

चुलत्याने जरा विचार केला. मग हात जोडून म्हणाला, "मग ते तेवडं म्हना की जी, खड्ड्यापाशी."

केळीत खड्डा खणला. तिला पानांवर निजवून खाली उतरवलं. मी काठावर उभा राहिलो. मला संस्कृत म्हणून पंगतीत जेवणाआधी म्हणायचे दोन-चार श्लोक येतात, दुसरं काही येत नाही. त्यातलाच एक मी डोळे मिटून, स्वर लांबवून, अगदी गंभीरपणे म्हटला. माळी मंडळी हात जोडून ऐकत होती. त्या खोट्याचं प्रायश्चित्त मी अजून घेतलेलं नाही, आणि घेणारही नाही.

डोळे उघडले तेव्हा वहिनीसाहेब माझ्याकडेच बघत होत्या. तो श्लोक त्यांनी वाड्यातल्या प्रत्येक पंगतीत ऐकलेला होता. क्षणभर त्यांचे ओठ हलले. मग त्या खाली वाकल्या आणि पहिली मूठ माती त्यांनी टाकली.